सैनिकाला बुद्ध काय म्हणाले, बायबल काय म्हणतं

बेळगावात धर्म आणि युद्ध हा विषय नुसता पुस्तकी राहत नाही. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये इथंच उभी राहिली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि महार भरतीसाठी आग्रह धरत होते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडं फौजेत गेलेली पोरं गावोगाव भेटतात. त्यामुळं विहारात ‘पाणातिपाता वेरमणि’ (जीव घेण्यापासून दूर राहीन) म्हणणाऱ्याच्या घरी वर्दी असते, आणि चर्चमध्ये ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ ऐकणाऱ्याच्याही.

व्याख्यानांत मात्र हा पेच कुणी काढत नाही. धम्मपदातली पाचवी गाथा (वैरानं वैर शमत नाही) आणि बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं ४४ वं वचन (वैऱ्यांवर प्रीती करा) शेजारी ठेवायचं, दोन्ही शांतीचे धर्म म्हणायचं आणि चहाला उठायचं. दोन्ही वचनं खरी आहेत, जुळतातही. फरक कळतो तो सैनिक समोर आल्यावर.

संयुत्त निकाय या पाली ग्रंथात योधाजीव नावाचा सैनिकांचा गावप्रमुख बुद्धांकडं येतो. जुने गुरू सांगतात की रणात लढता लढता मेला तो स्वर्गात जातो, यावर आपलं मत काय, असं विचारतो. बुद्ध म्हणतात, राहू दे, हे विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर येतं, तेही कडक: ‘हे मरोत, कापले जावोत’ अशा भावनेनं मन आधीच हीन झालेलं असतं, त्या मनानं मेलेला नरकात जातो, आणि स्वर्गात जातो असं मानणं ही मिथ्यादृष्टी. ऐकून तो रडतो. मात्र उत्तर कडक म्हणून नव्हे, पूर्वीच्या गुरूंनी इतकी वर्षं फसवलं म्हणून. इथं युद्ध न्याय्य होतं की अन्याय्य, हा प्रश्नच येत नाही. सगळा हिशेब मारणाऱ्याच्या मनाचा आहे.

आता बायबलमधल्या लूकचा तिसरा अध्याय उघडा. सैनिक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, कुणाकडून जुलमानं पैसे उकळू नका, खोटा आरोप करू नका, पगारात समाधान माना. नोकरी सोडा असं म्हणत नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या (रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या) विश्वासाची येशू स्तुती करतो, त्याच्या पेशाबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला कर्नेल्य, तोही शताधिपतीच, बाप्तिस्मा घेतो तेव्हाही पेशा सोडायची अट कुठं नाही. पण तोच येशू गेथशेमाने बागेत आपल्या शिष्याला, पेत्राला, तलवार म्यान करायला लावतो. ही ओढाताण ख्रिस्ती परंपरेनं पुढची दोन हजार वर्षं सोडवत आणली.

आधी उत्तर सरळ होतं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाचं म्हणणं असं की पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हाच प्रभूनं प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडला. चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाला आणि सीमा राखायची जबाबदारी अंगावर आली. मग ऑगस्टिन, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मपंडितांनी युद्धाला अटी घातल्या. अक्विनासच्या तीन: युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, क्रमांक २३०९ मध्ये, चार आहेत: आक्रमकानं केलेलं नुकसान टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावं, बाकीचे सगळे उपाय थकलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी, आणि शस्त्रांनी होणारा अनर्थ टाळायच्या अनर्थापेक्षा मोठा नसावा. चारही एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. चर्चेत नेमकं हेच सुटतं. दुसऱ्या अटीवर कुणी बोट ठेवत नाही, पहिलीवरच गाडी अडते.

या चौकटीत बिघडतं कुठं तेही स्वच्छ आहे. अटी तपासणारा आणि लढणारा एकच. १०९५ साली क्लेरमाँला पोप अर्बन दुसरा यानं धर्मयुद्धाची हाक दिली तेव्हा अधिकारी सत्ता, कारण, हेतू हे सगळं कागदावर बसत होतं. २०२० च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी म्हणूनच लिहिलं की आताच्या शस्त्रांमुळं ‘न्याय्य युद्धा’च्या जुन्या निकषांचा आधार घेणं फार कठीण झालं आहे. क्वेकर आणि मेनोनाइट या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथांनी तर ही चौकट मुळातच नाकारली.

तरी चर्चनं एक गोष्ट केली होती, आणि ती मला अटींपेक्षा मोलाची वाटते. चौथ्या शतकातल्या बिशप बासिलचा सल्ला होता की युद्धात मारणं खुनात धरू नये, पण हात स्वच्छ नाहीत म्हणून सैनिकांनी तीन वर्षं पवित्र कम्युनियनपासून (चर्चमधल्या प्रभुभोजनापासून) दूर राहावं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर जिंकलेल्या नॉर्मनांना दंड लागला: मारलेल्या प्रत्येक माणसामागं एक वर्ष प्रायश्चित्त, जखमी केला पण मेला की नाही ठाऊक नसेल, तर माणसामागं ४० दिवस, संख्याच माहीत नसेल, तर जन्मभर आठवड्याचा एक दिवस. युद्ध न्याय्य ठरलं तरी हातून मेलेला माणूस हिशेबातून वगळलेला नाही. ही प्रथा पुढं विरली. योधाजीवाला मिळालेल्या उत्तराच्या सर्वांत जवळ ख्रिस्ती परंपरा इथंच येते.

बौद्धांकडं उलटी अडचण. पाली साहित्यात युद्धाच्या अटींची यादी नाहीच. चक्रवर्ती राजालाही चतुरंग सेना आहे आणि प्रजेचं रक्षण त्याचं काम आहे. ती सेना कधी वापरावी, यावर ग्रंथ गप्प. उपासकानं शस्त्रांचा व्यापार करू नये, एवढं अंगुत्तर निकाय हा पाली ग्रंथ सांगतो. भिक्षूला मात्र नियम कडक: विनाकारण सज्ज सेना पाहायला जायचं नाही, कारण असेल तर दोन-तीन रात्री मुक्काम, त्याहून जास्त नाही, आणि लढाई बघायची नाही. सीमेवरच्या वाचकानं महावग्गातला (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातला) प्रसंग मुद्दाम वाचावा. मगधाचा राजा बिंबिसार याच्या सीमेवर बंड होतं, सैन्य निघतं, आणि काही योद्धे ‘आपण पाप करतोय’ म्हणून येऊन भिक्षू होतात. सेनापती वैतागतात, राजा बुद्धांना विनंती करतो, आणि राजसेवेतल्याला प्रव्रज्या (भिक्षुदीक्षा) द्यायची नाही असा नियम होतो. संघ वाचला, पण सैनिकाची बाहेर पडायची वाट बंद झाली, आणि राजाला विचारणारं कुणी उरलं नाही.

ही पोकळी महावंस या श्रीलंकेच्या इतिहासग्रंथात वाईट रीतीनं भरली गेली. दुट्ठगामणी राजा लढाईनंतर पस्तावतो, तेव्हा अर्हत (मुक्ती मिळवलेले भिक्षू) त्याला समजावतात की तुझ्या हातून मेले ते दीडच माणूस: एकानं त्रिशरण आणि पंचशील घेतलं होतं, दुसऱ्यानं फक्त त्रिशरण. बाकीचे जनावरासारखे. श्रीलंकेच्या राजकारणात हा उतारा आजही जिवंत आहे.

बाबासाहेबांनी नेमकी हीच जागा हेरली. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात वैशालीचा सेनापती विचारतो की सत्य आणि न्यायासाठीचं युद्धही तथागताला निषिद्ध आहे का. उत्तर असं: शांततेचे सगळे उपाय हरले तर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर, युद्ध होईल, पण ते स्वार्थासाठी नसावं. शेवटचा उपाय आणि शुद्ध हेतू, म्हणजे अक्विनास आणि २३०९ च्या गाभ्यातल्याच दोन अटी. पालीत वैशालीच्या या सेनापतीची, सीहाची, कथा आहे, पण तिथं हा युद्धाचा संवाद नाही. विहारातल्या चर्चेत हे लपवायचं कारण नाही. पालीनं मोकळी सोडलेली जागा बाबासाहेबांनी विचारपूर्वक भरली, हे त्यांचं योगदान म्हणूनच मांडावं.

बौद्धांच्या वर्षावासात किंवा ख्रिस्ती उपवासकाळात दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र वाचायचं ठरवलं तर जोड्या नीट लावा. धम्मपदासमोर बायबलच्या जुन्या करारातल्या यहोशवाच्या लढाया ठेवणं ही लबाडी आहे, आणि डोंगरावरच्या प्रवचनासमोर महावंस ठेवणं हीसुद्धा. उपदेशासमोर उपदेश, इतिहासासमोर इतिहास. योधाजीव सुत्तासोबत लूक ३:१४, दुट्ठगामणीसोबत १०९५ ची धर्मयुद्धाची हाक. अशोकाचा कलिंग युद्धावरचा तेरावा शिलालेख घेतलात तर फक्त लाख मेल्याचा आणि दीड लाख हद्दपार केल्याचा भाग वाचून थांबू नका. त्याच लेखात अटवीतल्या (जंगलातल्या) लोकांना दिलेला इशाराही आहे: पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडं बळ आहे. कणकुंबीच्या कळसा नाल्यावरून कर्नाटक-गोव्याचा पाणीवाद पेटतो तेव्हा रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले ती कथा काढली जाते. ती मूळ सुत्तातली नव्हे, अट्ठकथेतली (नंतरच्या भाष्यातली) आहे हे सांगून मग काढावी. बैठकीत माजी सैनिक असेल, तर योधाजीव सुत्त वाचून लगेच पुढं जाऊ नका. त्याला बोलायचं असेल तर वेळ ठेवा, आणि बासिलचा उतारा हाताशी असू द्या.