सहा बिऱ्हाडांची इमारत आणि एक जोडाक्षर

पुण्यातील कंपनीत चौदा वर्षे काढल्यानंतर बेळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी परतून सहा बिऱ्हाडांची एक दुमजली इमारत विकत घ्यावी आणि तिच्या भाड्यावर घर चालवावे, असे मी ठरवले. इमारत पसंत पडली, बहात्तर लाखांना सौदा ठरला आणि विक्रेत्या काकांना विसारही दिला. एप्रिल 2025 पर्यंत सारे सुरळीत होते.

आता कर्नाटकात ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्ता कोणाच्या नावावर आहे याच्या संगणकीय उताऱ्याशिवाय, खरेदीखताची नोंदणी होत नाही, आणि माझे घोडे नेमके तेथेच अडले. ही जागा काकांच्या आजोबांनी 1954 साली घेतली होती. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात असल्याने ते खरेदीखत मराठीत आहे, आणि त्यात आजोबांचे नाव 'जोतिबा' असे स्वच्छ लिहिलेले आहे. पुढे कन्नड नोंदवहीत मात्र ते 'ज्योतिबा' झाले. या एका जोडाक्षरासाठी ई-खाते देणारी कचेरी ही दोन निराळी माणसे मानत होती. आधी मराठी खताचे कन्नड भाषांतर मागितले, ते दिल्यावर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले आणि तेही दिल्यावर वारसा नोंदीची नक्कल मागितली. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या, परंतु प्रत्येक खेपेला 'नाळे बर्री' (उद्या या) एवढेच ऐकून मी परतत होतो. अकराव्या खेपेला माझा आवाज चढला, आणि काकांनीच माझा हात धरून मला बाहेर आणले.

या दिरंगाईची किंमतही मोजावी लागली. 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले आणि आमचे ई-खाते सप्टेंबरात निघाले. म्हणजे त्या जोडाक्षराने मला बहात्तर हजारांना बुडवले. म्हणून माझे सांगणे असे, की विसार देण्यापूर्वीच जुने खत आणि आजचा उतारा शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर अक्षर लावून पाहावे. नोंदणी अर्ध्या तासात झाली.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: कर्ज मंजूर होईपर्यंत राजीनामा देऊ नये. बँक पगाराच्या पावत्या मागते, होऊ घातलेल्या भाड्यावर तिचा फारसा विश्वास नसतो. माझ्या हातून एवढे एकच शहाणपण वेळेवर घडले. शिवाय किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असल्यास एक टक्का कर आपणच कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेत्याला हे आधी सांगावे. काकांना वाटले, मी ऐन वेळी पैसे कमी देतो आहे.

आता खाते माझ्या नावावर चढवण्याचा अर्ज दिला आहे. त्यावर माझे नाव मी स्वतःच कन्नडमध्ये लिहिले आणि आडनावातला 'ळ' दोनदा तपासला.