यमूच्या बिऱ्हाडातली मुंबई

इंग्रजी अमदानीतली मुंबई समजून घ्यायला काय वाचावं, असं कुणी विचारलं की मी कादंबरीचं नाव घेते. मग पुढचा प्रश्न येतोच: रचलेल्या गोष्टीवर विसंबायचं कसं? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ सालचं ‘मुंबईचे वर्णन’ मला अतिशय प्रिय आहे. शहर कसं वाढलं, ते त्यात भरभरून सापडतं. पण त्या शहरात आलेल्या माणसांच्या घरात काय हललं, ते मला हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये दिसलं. १८९०च्या सुमारास ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती.

यमू पुण्याच्या एकत्र कुटुंबातली सून. वडीलधाऱ्यांच्या धाकात दबलेली. रघुनाथरावांबरोबर ती मुंबईला येते, बिऱ्हाड मांडते आणि श्वास घेऊ लागते. वाचते, नवऱ्याशी मोकळेपणी बोलते, त्याच्यासोबत फिरायला जाते. त्या फिरण्यानं पुण्याच्या घरी गहजब होतो! बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. गाडीनं दोन्ही शहरं जवळ आणली, घरातले कायदे मात्र होते तिथेच राहिले. शहर बदलतं म्हणजे काय, हे मला कुठल्याही इमारतीच्या वर्णनापेक्षा या गहजबातून जास्त कळलं.

आणि हरिभाऊ तिथे थांबत नाहीत, हे फार मोलाचं आहे. रघुनाथराव जातात, यमूला पुण्याला परतावं लागतं, तिथे तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. मुंबईनं दिलेली मोकळीक नवऱ्याच्या हयातीवर उभी होती. शहराच्या कौतुकात ही गोष्ट कुणी सांगत नाही. हरिभाऊंनी सांगितली, तीही यमूच्याच तोंडून.

अर्थात ही मुंबई शिकलेल्या ब्राह्मणांची. शहरात कापडगिरण्या १८५०च्या दशकापासून सुरू झाल्या होत्या. कोकणातून, घाटावरून माणसं त्यांत राबायला येत होती. ती या कादंबरीत जवळजवळ नाहीतच. त्यांच्यासाठी मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’कडे यावं लागतं, आणि ती आली १९३३ साली. म्हणून मी एकच पुस्तक कधी सुचवत नाही. यमू वाचलीत की लगेच गिरणगावात या. बिऱ्हाडाबाहेरची मुंबई तिथे भेटेल.