वरळीचा मनोरा

आज कामानिमित्त वरळीला जाणं झालं. सिग्नलला टॅक्सी अडकली आणि समोर दूरदर्शनचा मनोरा. उंची ३०० मीटर! शेजारी बसलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, हा कुठल्या मोबाईल कंपनीचा?" घ्या आता.

मग काय, सिग्नल सुटेपर्यंत माझं व्याख्यान. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. टीव्ही कृष्णधवल, कार्यक्रम फक्त संध्याकाळी, आणि घरात संच ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे. हे ऐकून पोरगा हसतच सुटला.

स्मिता पाटील इथे मराठी बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायच्या म्हणे. टेबलाखालचं कुणाला दिसतंय! 'गजरा', 'छायागीत' तर सगळ्यांना आठवतात. मला मात्र 'आमची माती आमची माणसं'चं जास्त अप्रूप. गिरणगावातल्या चाळीत दहा घरं एका संचापुढे गोळा होऊन ज्वारीवरची कीड कशी घालवायची ते ऐकायची. त्यातल्या कितीतरी जणांचं शेत गावी होतंच की. आज कोणती खासगी वाहिनी हे ऐन संध्याकाळी दाखवेल? जाहिरातदार पळून जातील.

सरकारी सूर तेव्हाही होता, आजही आहे, ते नाकारत नाही. पण सह्याद्रीच्या बातम्यांत अजून कुणी किंचाळत नाही.

भाच्याने रात्री मोबाईलवर 'गजरा' शोधून काढला. जेवण गार झालं, बायको वैतागली, आम्ही दोघं बघतोच आहोत.