सलोख्याचा मसुदा आणि फ्रिजवरची ताकीद

कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. आदिवासी समाजांशी सलोखा साधण्याची संस्थेची बांधिलकी लेखी मांडावी असे संचालक मंडळाने ठरवले, तेव्हा मसुद्याचे काम माझ्याकडे आले. सोसायटीचे ठराव लिहिण्याची सवय पुण्यापासूनची असल्यामुळे दोन संध्याकाळींत ते उरकेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अकरा महिने लागले.

पहिला मसुदा दिसायला निर्दोष होता. हे शहर मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्ले-वॉतूथ या आदिवासी राष्ट्रांच्या, त्यांनी कोणत्याही कराराने न सोडलेल्या भूमीवर वसले आहे. सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करून सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, हे सगळे त्यात होते. आमची इमारत महापालिकेच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर उभी आहे, हे मात्र मी लिहिले नव्हते. कारण तो विषय निघाला की पट्ट्याच्या नूतनीकरणावर वाद सुरू होतो आणि सभा रात्री अकराच्या आत संपत नाही.

मसुदा घेऊन मी आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, क्री या आदिवासी समाजातल्या एका आजींकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला, उठून फ्रिजला चुंबकाने लावलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. घरात धूर केल्याबद्दल संस्थेने दिलेली ती ताकीद होती आणि खाली सही माझीच होती. शिंपल्यात सेज या सुगंधी वनस्पतीची वाळलेली पाने पेटवून, त्यांचा धूर ओंजळीने डोक्यावरून आणि छातीवरून घेत त्या रोज सकाळी प्रार्थना करतात. इंडियन ॲक्ट या कॅनडातल्या कायद्याने तिथल्या आदिवासींच्या अनेक विधींवर घातलेली बंदी १९५१ मध्ये उठली. मी ती धूम्रपानबंदीच्या नियमाआड पुन्हा बजावली होती. तिन्हीसांजेला धूप फिरवणाऱ्या घरात वाढूनही हे माझ्या लक्षात येऊ नये, याची मला फार लाज वाटली.

तेव्हा मसुदा बाजूला ठेवून आम्ही नियमांची पुस्तिका उघडली. धुराच्या नियमातून विधींना सूट द्यायला बहुतेकांची हरकत नव्हती. अडले ते 'पूर्वपरवानगी' या शब्दावर. विमा आणि आगीचा धोका यांवर बराच खल झाला. आजींनी एवढेच विचारले की प्रार्थनेसाठी अर्ज करायचा असेल, तर मासे तळण्यासाठी कोण अर्ज करते. माझ्या मोहरीच्या फोडणीने धुराचा भोंगा तीनदा वाजला आहे आणि मला कधीही ताकीद आलेली नाही, हे मला भर सभेत कबूल करावे लागले. 'पूर्वपरवानगी' वगळली गेली. खिडकी उघडी ठेवावी आणि भोंगा बंद करू नये, एवढ्या दोन अटी राहिल्या.

पाहुण्यांचा नियम अधिक अवघड निघाला. ठरावीक दिवसांहून जास्त राहणाऱ्या पाहुण्यासाठी मंडळाची मंजुरी लागते आणि किती माणसांना किती खोल्या, हेही ठरलेले असते. भाचरे-नातवंडे महिनोन्महिने सांभाळणाऱ्या घराचे बिऱ्हाड अशा हिशेबात बसत नाही. व्हँकुव्हर परिसराच्या २०२३ च्या बेघर-गणनेत सुमारे एक-तृतीयांश माणसे आदिवासी होती, लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के असताना. हे आकडे मी सभेत मांडले. सर्वांनी ते गंभीरपणे ऐकले आणि ठराव नऊ मतांनी पडला. गर्दी आणि पार्किंग ही कारणे पुढे आली. पार्किंगचे काय, हे मला अजून उमगलेले नाही.

अंतिम मसुद्यात भाडेपट्ट्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आहे. ताकीद मागे घेतल्याचे पत्र मी स्वतः आजींना नेऊन दिले. त्यांनी ते त्याच चुंबकाखाली लावले आणि पाहुण्यांचा नियम पुन्हा कधी मांडणार, असे विचारले. तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथा आहे.