परत जाणार की नाही?

बॉस्टन युनिव्हर्सिटीचा बे स्टेट रोड म्हणजे चार्ल्स नदीच्या कडेकडेने जाणारी, जुन्या विटांच्या घरांची गल्ली. विद्यापीठाने त्या घरांमध्ये आपले विभाग थाटलेत. २३६ नंबरच्या घरात कथा-कविता लिहायला शिकवतात. एके काळी कवी रॉबर्ट लॉवेलचा वर्ग इथेच भरायचा आणि पुढे कवयित्री म्हणून गाजलेल्या सिल्व्हिया प्लाथ, अ‍ॅन सेक्स्टन त्यात विद्यार्थिनी म्हणून बसायच्या. या विभागात २००२ पासून ‘हा जिन’ नावाचे कादंबरीकार शिकवतात. चिनी माणूस, इंग्रजीत लिहिणारा. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात कधीपासून होतं, कारण त्यांच्या एका कादंबरीचा धागा फिरत फिरत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यापर्यंत येतो.

‘हा जिन’ हे टोपणनाव. जन्म १९५६ चा, ल्याओनिंग प्रांतातला, वडील सैन्यात अधिकारी. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत शाळा बंद पडल्या, तेव्हा हा पोरगा वय वाढवून सांगून सैन्यात शिरला आणि सोव्हिएत सीमेवर गेला. सैन्यातून सुटल्यावर रेल्वेत तारयंत्रावर नोकरी केली आणि तिथे रेडिओ ऐकत इंग्रजीची सुरुवात केली. पुढे हार्बिनला पदवी, शांडोंगला एम.ए. आणि १९८५ मध्ये इथे बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात पीएच.डी.साठी आगमन. बेत अगदी आपल्या ओळखीचा होता. पदवी घ्यायची, परत जायचं, तिकडे शिकवायचं. मग १९८९ चा जून आला. आपण ज्या सैन्यात होतो तेच सैन्य बीजिंगच्या तियानआनमेन चौकाजवळ स्वतःच्या लोकांवर गोळ्या चालवतंय, हे त्यांनी इथल्या टीव्हीवर पाहिलं आणि परतीचा बेत मोडला.

पण राहायचं म्हणजे खायचं काय? प्रबंधाचा विषय चीनमधल्या नोकरीचा विचार करून निवडलेला, इथे त्याला गिऱ्हाईक नाही. रात्रपाळीचा पहारेकरी झाले, हॉटेलात उष्टी टेबलं आवरली. शेवटी १९९३ मध्ये अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात कविता शिकवायची नोकरी लागली. इथल्या विद्यापीठात नोकरी कायम व्हायची तर पुस्तकं छापून यावी लागतात, नाही तर काही वर्षांत नारळ. म्हणजे परक्या भाषेत लिहिणं हा शौक नव्हताच, घरभाडं होतं. हे त्यांनी कधी लपवलं नाही, म्हणून मला ते जास्त आवडतात. आपल्याकडेही कादंबरीकार प्राध्यापकच असायचे, ना. सी. फडके आमच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. पण कादंबरी नाही आली तर नोकरी जाईल, अशी वेळ त्यांच्यावर आली नसावी.

१९९९ मध्ये ‘वेटिंग’ या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि नाव झालं. मला मात्र सांगायचंय ते २००४ च्या ‘वॉर ट्रॅश’बद्दल.

कोरियन युद्ध. १९५० च्या ऑक्टोबरात चीनने उत्तर कोरियाच्या मदतीला ‘स्वयंसेवक’ म्हणून फौजा सीमेवरच्या यालू नदीपलीकडे पाठवल्या. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांची १८० वी डिव्हिजन वेढ्यात सापडून फुटली आणि हजारो चिनी सैनिक कैद झाले. कादंबरीचा निवेदक यू युआन त्यातलाच एक. लढाई पहिल्या काही प्रकरणांत संपते. उरलेलं सगळं पुस्तक काटेरी तारेच्या आत, कोजे आणि जेजू बेटांवरच्या अमेरिकन छावण्यांत घडतं. युद्धविरोधी कादंबरी म्हटलं की खंदक, चिखल, तुटलेले पाय अशी आपली अपेक्षा असते. इथे युद्ध होतं ते एका प्रश्नावर: तू परत जाणार की नाही? कम्युनिस्ट चीनला जायचं की कम्युनिस्टांकडून हरलेल्या चँग कै-शेकच्या तैवानला? कैद्यांचेच दोन तट पडतात, दोघांकडे दंडुके आणि सुऱ्या असतात, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्याला तंबूतले सोबतीच मारतात. बाहेर वाटाघाटीच्या टेबलावरही हाच मुद्दा, त्यावरून शस्त्रसंधी वर्षाहून जास्त लांबली.

यू युआनला इंग्रजी येतं. त्यामुळे तो दोन्ही तटांना हवा असतो आणि कुणाचाच राहत नाही. तैवानवाले त्याला बेशुद्ध करून पोटावर कम्युनिझमला इंग्रजीत शिवी गोंदवतात. पुढे दुसऱ्या तटाचा डॉक्टर मधली अक्षरं खोडतो, तर जी उरतात त्यांतून तीच शिवी अमेरिकेला पडते. इतकं जहरी आणि इतकं हसू आणणारं प्रतीक मी युद्धकथांमध्ये क्वचित वाचलंय.

कादंबरीची चौकट तर आपल्यासाठीच बेतल्यासारखी आहे. यू युआन आता सत्तरी ओलांडलेला, मुलाकडे अटलांटाला आलेला. नातवंडांसाठी आठवणी लिहून ठेवतोय, इंग्रजीत, कारण त्यांना दुसरी भाषा वाचता येणार नाही. आमच्या इथल्या बागेत उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा बाकांवर बसलेले दिसतात. पोटावर काय गोंदलेलं आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. (आमच्या शेजारच्या काकांनी चौसष्ट सालच्या रेशनच्या रांगांबद्दल तोंड उघडलं ते इथे, मेपलच्या झाडाखाली.)

मी संध्याकाळी एका कम्युनिटी कॉलेजात निबंधलेखन शिकवते. विद्यार्थी हैतीचे, ब्राझीलचे, व्हिएतनामचे; बरेचसे दिवसभर नर्सिंग होममध्ये राबून आलेले. या पुस्तकाची काही पानं वर्गात वाचली, तेव्हा शैलीबद्दल कुणी बोललं नाही. हा जिनचं इंग्रजी सपाट आहे अशी टीका होते. माझ्या वर्गाला ते सपाटपण म्हणजे सोय वाटली. प्रश्न एकच आला: हे सगळं भोगून यू युआन चीनला परत का गेला? म्हातारी आई आणि वाग्दत्त वधू यांच्यासाठी. परत गेला तर आई वारलेली, वधूनेही पाठ फिरवलेली, आणि शत्रूला जिवंत सापडला म्हणून कपाळावर गद्दारीचा शिक्का. खऱ्या कैद्यांचंही तेच झालं. साधारण २१ हजार चिनी कैद्यांपैकी १४ हजारांहून जास्त तैवानला गेले, सातेक हजार मायदेशी. त्या सात हजारांच्या माथ्यावरचा शिक्का १९८० पर्यंत पुसला गेला नाही.

आता कोल्हापूर. जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली, तेव्हा परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर चिनी आणि कोरियन कैद्यांचं काय करायचं, हे काम तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आलं. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या वडगावचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीयांवर इतके खवळलेले की आपल्या भूमीवर त्यांचं पाऊल पडू देईनात. म्हणून आपले जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथल्या तळाला नाव दिलं हिंद नगर. एका भारतीय अधिकाऱ्याला कैद्यांनी आत डांबलं, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून आणलं. कादंबरीतही हे भारतीय पहारेकरी येतात, आणि त्यांच्याच देखरेखीखालच्या तंबूंत कैद्यांना समजवायला आलेले दोन्हीकडचे लोक.

हे वाचताना मी चमकले. शाळेत असताना थोरातांचं नाव ऐकलं होतं ते ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी आणि चीनबद्दल आधीच इशारा देणारा सेनानी म्हणून. हजारो माणसांना एकेक करून ‘परत जाणार का’ हा प्रश्न सुरक्षितपणे विचारला जावा, यासाठी तारेबाहेर उभा राहिलेला माणूस म्हणून कधीच नाही. मला तर ही कामगिरी त्यांच्या लढायांइतकीच मोठी वाटते. हाच प्रश्न मला आत्या, मावश्या आणि बँकेतले साहेबसुद्धा विचारतात, आणि मी ‘बघू, ग्रीन कार्डाचं काय होतंय ते’ म्हणून सुटते.

हा जिन सुटले नाहीत. १९८५ नंतर ते चीनला गेलेले नाहीत. न परतलेल्या माणसाने परतणाऱ्याची गोष्ट लिहिली, आणि परतणाऱ्याला मूर्ख ठरवलं नाही की शहाणा, ही मला या कादंबरीची सगळ्यात अवघड बाजू वाटते. शेवटी संदर्भपुस्तकांची यादी दिलीय, कारण यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत.

एक गोष्ट मात्र कादंबरीच्या कडेला राहून जाते. ८८ कैद्यांनी दोन्ही बाजूंना नाही म्हटलं, आणि १९५४ मध्ये ते आपल्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले. त्यात १२ चिनी होते. काही पुढे ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेले, काही भारतातच राहिले. अशाच एका कैद्यावर, भारताकडे निघालेल्या जहाजावरच्या, एका कोरियन लेखकाने १९६० मध्ये कादंबरी लिहिली आणि ती तिकडे अजून वाचली जाते. आपल्या बाजूने, हिंद नगरातल्या एखाद्या मराठी जवानाच्या डोळ्यांनी कुणी लिहिली तर मला जरूर कळवा. टपालखर्च माझा.