मालक इथलाच आहे, मग पैसे कशाला दिलेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोकडे राहतो. अमेरिकेतल्या इतर शहरांतले मराठी मित्र भेटले की हा प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे, बफेलो बिल्सचे, मालक टेरी पेगुला यांचा बफेलोवर एवढा जीव आहे, तर नव्या स्टेडियमसाठी तुमच्या करातून ८५ कोटी डॉलर कशाला?

आधी हिशेब सांगतो. २०२२ मध्ये करार जाहीर झाला तेव्हा खर्च १४० कोटी डॉलर धरला होता. त्यात न्यूयॉर्क राज्याचे ६० कोटी, आमच्या एरी काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखं) २५ कोटी, उरलेले टीमचे आणि एनएफएलचे, म्हणजे या टीम ज्या लीगमध्ये खेळतात तिचे. काउंटीची वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळापासून धरलं तरी एकट्या काउंटीचेच माणशी अडीचशे डॉलरांच्या वर. वाढीव खर्च टीमने सोसायचा, असं कलम त्यात होतं. ते फार उपयोगी पडलं, कारण पुढे आकडा २०० कोटींच्या वर गेला.

आता जीव असण्याबद्दल. ही टीम राल्फ विल्सन यांनी १९५९ मध्ये सुरू केली. ते डेट्रॉईटकडचे, राहायचेही तिकडेच. तरी २०१४ मध्ये ते वारले तेव्हा टीम बफेलोचीच होती, आणि त्यासाठी इथे त्यांचं नाव आदरानेच घेतलं जातं. पण १९७० च्या सुमारास नवं स्टेडियम होईना, तेव्हा सिऍटलला जाण्याची भाषा त्यांनीही केली होती. शेवटी काउंटीने बांधून दिलं. पेगुलांनी टीम विकत घेतली तेव्हा ती टोरोंटोला जाईल ही धास्ती संपली, आम्ही सगळेच सुटकेचा श्वास टाकून मोकळे झालो. तरी २०२१ मध्ये नव्या स्टेडियमच्या वाटाघाटी अडल्या तेव्हा टीम जाईल म्हणून बातम्यांत टेक्सासमधल्या ऑस्टिनचं नाव आलंच.

आमच्यापासून तीन तासांवर क्लीव्हलँड आहे. आर्ट मॉडेल १९६१ पासून तिथल्या ब्राउन्स टीमचे मालक होते, गावात मान होता. ६ नोव्हेंबर १९९५ ला त्यांनी टीम बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायचा का यावर मतदान होतं. लोकांनी भरघोस मतांनी हो म्हटलं, आणि टीम तरीही गेली. ते वाचल्यापासून मालकाच्या प्रेमावर मी विसंबून राहत नाही. त्याचं प्रेम खरं असेलही, पण त्याची सही लागते.

लोकांचं तसं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीची, मॅच बर्फामुळे रविवारची सोमवारवर गेली. टीमने फावडी मारायला माणसं बोलावली, तासाला २० डॉलर. मुलगा कॉलेजातून घरी आला होता, आम्ही दोघं गेलो. रांगांमधला बर्फ उपसून घसरगुंडीसारख्या पन्हळीत टाकायचा, तो खाली मैदानाच्या कडेला जायचा. चार तासांत बोटं बधिर झाली, पाठ धरली. मॅच सुरू झाली तरी कितीतरी रांगा गाडलेल्याच होत्या. लोक बर्फातच जागा करून बसले आणि शेवटपर्यंत ओरडत राहिले. त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतलेलं नव्हतं.

म्हणून ८५ कोटी गेले ते माझ्या मते स्टेडियमसाठी कमी आणि ३० वर्षं टीम इथेच ठेवण्याच्या सहीसाठी जास्त. स्टेडियममधून सरकारचे पैसे वसूल होतात यावर फार थोडे अर्थतज्ज्ञ विश्वास ठेवतात, माझाही नाही. मला खुपतं ते वेगळंच. एवढे पैसे घालून टीममध्ये आमचा एक टक्काही वाटा नाही. एनएफएलमधल्याच ग्रीन बे पॅकर्स या टीमचे मालक लाखो सामान्य भागधारक आहेत, त्यामुळे ती टीम कुणी उचलून नेऊ शकत नाही. पण एनएफएल आता तशी मालकी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ही वाट लीगनेच बंद केली आहे, आणि ती उघडावी म्हणून आमच्या लोकप्रतिनिधींनी भांडायला हवं होतं.

आमच्याकडे क्लीव्हलँडसारखं मतदान झालंच नाही. झालं असतं तर मी हो म्हटलं असतं, आधी टीम न हलवण्याचं कलम शब्द न् शब्द वाचून.