करंगळी बधीर, अंगठा सुकलेला

अक्कांनी उजवा तळहात माझ्या टेबलावर उताणा ठेवला, तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी असणारा मांसल उंचवटा जागेवर नव्हता. तिथे खळगा पडला होता. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, पंचेचाळिशीच्या आणि लहानपणापासून विड्या वळणाऱ्या. आमच्याकडे विडीची मजुरी हजारावर मोजतात. पान वळल्यावर त्याचे तोंड दुमडायला अंगठ्याची नेमकी चिमट लागते आणि तीच सुटू लागल्याने दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हजारातल्या छाट, म्हणजे नापास होणाऱ्या, विड्या वाढल्या. हाताचे दुखणे घरात कुणाच्या लक्षात येण्याआधी ते विड्या तपासणाऱ्याच्या लक्षात आले होते.

पिशवीत त्या दोन वर्षांचे कागद होते: मानेचा पट्टा, जीवनसत्त्वांची इंजेक्शने, वयानुरूप बदल दाखवणारा मानेचा एमआरआय आणि शेवटी मनगटावरची शस्त्रक्रिया. मनगटात मीडियन नस दबली आहे असे समजून कार्पल टनेल, म्हणजे ती नस जाते तो मनगटातला बोगदा, मोकळा केलेला होता. शस्त्रक्रिया नीट झाली होती, पण दुखण्याचे मूळ तिथे नव्हते.

मीडियन नस मनगटात दबली तर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधीर होते. अक्कांची ही तिन्ही बोटे जागी होती. बधीर होती ती करंगळी आणि हाताची आतली कड. म्हणजे सुकलेला स्नायू एका नसेचा आणि बधीर झालेली कातडी दुसऱ्या नसेची. या दोन्हींचे धागे एकत्र येतात ती जागा हातात नाही, ती मानेच्या तळाशी आहे. मान आणि छाती यांच्यामधल्या त्या अरुंद वाटेत हाताच्या नसा किंवा रक्तवाहिन्या दबण्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. असा सुकलेला हात आणि मानेतली जादा बरगडी किंवा तंतुमय पट्टा यांचा संबंध ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ गिलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली स्पष्ट मांडला. तरीही हा हात पाहून प्रत्येक जण मनगटाकडेच वळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही चूक टाळायला लागते ती केवळ एक टाचणी आणि पाच मिनिटे.

आपल्याकडे बधीर आणि सुकलेला हात दिसला की कुष्ठरोग आधी पाहावाच लागतो. कोपराजवळची नस मी चाचपली, ती जाड नव्हती; अंगावर चट्टाही नव्हता. मग टाचणी घेऊन करंगळीपासून वर निघालो. कोपराजवळ अल्नार नस, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, दबली असती, तर बधिरपणा मनगटापाशी थांबला असता. तो थांबला नाही, दंडाच्या दिशेने पुढच्या हाताच्या, म्हणजे मनगट ते कोपर या भागाच्या, आतल्या बाजूने चढत गेला. त्या पट्ट्यावर एक जुना फिकट व्रण होता. मी विचारले, तर अक्का म्हणाल्या, "तव्यानं भाजलं होतं, साहेब. तीन वर्षं झाली. तुम्हीच पट्टी केली होती."

नसांच्या तपासणीच्या जुन्या अहवालात मीडियन नसेची संवेदना चांगली असल्याचे आकडे छापलेले होते आणि खाली निष्कर्ष मात्र कार्पल टनेलचा होता. आकडे न वाचता निष्कर्ष वाचण्याची सवय आपल्या व्यवसायात फार खोल गेली आहे. मी तपासणी पुन्हा करवली आणि पुढच्या हाताच्या आतल्या कातडीची नस दोन्ही बाजूंना मुद्दाम मोजायला सांगितली. ही नस सहसा कुणी मोजत नाही. डावीकडे तरंग आला, उजवीकडे आला नाही. हात वर करून नाडी बंद होते का, ही या दुखण्याची चाचणी मी करत नाही, कारण ती निरोगी माणसांतही बंद होते. मानेच्या क्ष-किरण चित्रात जादा बरगडी नव्हती, पण सातव्या मणक्याचा आडवा काटा पहिल्या वक्षमणक्याच्या काट्यापेक्षा लांब आणि चोचीसारखा खाली वळलेला होता. अशा टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक तंतुमय पट्टा असू शकतो आणि तो कोणत्याही क्ष-किरणात दिसत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूलतज्ज्ञांना मी विनंती केली की नळी घालण्यापुरतेच अल्पकालीन औषध द्यावे, पुढे स्नायू शिथिल ठेवू नयेत; नस विजेच्या सूक्ष्म झटक्याने ओळखायची तर स्नायूने उत्तर द्यायला हवे. हासळीच्या हाडाच्या दोन बोटे वर आडवा छेद घेतला. चरबीचा थर उचलल्यावर मानेच्या बाजूचा अँटिरिअर स्केलीन स्नायू दिसला आणि त्याच्यावरून तिरपी उतरणारी फ्रेनिक नस. त्या भागातल्या इतर नसा आतून बाहेर जातात, ही एकटी बाहेरून आत येते. तिला नुसती ओढ बसली तरी श्वासपटलाची ती बाजू लुळी पडू शकते, म्हणून तिला चिमट्याचा स्पर्शही न करता मऊ पट्टीने बाजूला घेतले. स्नायू थोडा थोडा कापत गेलो, कारण त्याच्या मागेच हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी धडधडत असते. धमनी मोकळी झाल्यावर नसांचे सर्वांत खालचे खोड बोटाने चाचपले आणि त्याच्याखाली ताणलेली तार लागली. तो पट्टा मोत्यासारखा पांढरा होता आणि छातीतून वर येणारी पहिली वक्षनस, हातमागावरचा ताणा दांडीवरून वळावा, तशी त्याच्यावरून वळली होती. अंगठ्याच्या त्या स्नायूचे बहुतेक तंतू याच नसेतून येतात. पट्टा कापताच त्याची टोके मागे सरली आणि नस सैल पडली, पण वळणाच्या जागी ती चपटी राहिली.

काट्याचे लांबलेले टोक मी काढले. पहिली बरगडी ठेवली. अमेरिकी शल्यचिकित्सक रूस यांनी १९६६ साली काखेतून ही बरगडी काढण्याची पद्धत मांडल्यापासून ती सर्रास काढणारे अनेक शल्यचिकित्सक आहेत. इथे पट्टा कापल्यावर नसेखालून बोट सहज फिरत होते, म्हणून मी थांबलो. शेवटी जखमेत सलाईन भरून भूलतज्ज्ञांना फुप्फुसे फुगवायला सांगितली. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे फुप्फुसाचे आवरण शाबूत होते.

आठ महिन्यांनी अक्कांची रात्रीची कळ गेली आहे आणि पुढच्या हाताला ऊन-गार कळते. अंगठा तसाच आहे. नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मानेपासून तळहातापर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ दोन वर्षे हवीत आणि इतका काळ नसेविना राहिलेला स्नायू तोवर टिकत नाही. तर्जनीचा एक जादा कंडरा अंगठ्याकडे वळवता येईल, असे मी सुचवले आहे. त्यासाठी आठवडेच्या आठवडे हात बांधून ठेवावा लागेल आणि तेवढी मजुरी बुडेल, म्हणून त्यांनी अजून होकार दिलेला नाही. सध्या सून विड्यांची तोंडे दुमडते.

तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर मी शोधून काढला. जखमेची लांबी, रुंदी, खोली, मलमाचे नाव, सगळे माझ्या अक्षरात आहे. भाजताना चटका जाणवला का, हे विचारल्याची नोंद नाही. तेव्हा अंगठ्याचा उंचवटा भरलेला होता का, असे मी मागच्या भेटीत अक्कांना विचारले.

"होता की, साहेब," त्या म्हणाल्या. "तेव्हा हजार विड्या व्हायच्या."